घर क्रमांक सतराची पोच

ही घटना खरी आहे.

हे वाक्य माझ्या हातून लिहिलं जाणं हाच एक चमत्कार आहे. एकतीस वर्षं मी सोलापूरच्या एका दैनिकात दर रविवारी विनोदी सदर लिहिलं. त्यात खरं असं फक्त माझं नाव आणि माझा फोटो होता. फोटोही शेवटची बारा वर्षं जुनाच.

पण ही घटना खरी आहे. बनवून सांगायची असती तर मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गेल्या वर्षीच्या एप्रिलची एकवीस तारीख, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्री सगळं गाव गच्चीवर असतं. भुताला एकांत हवा असेल तर त्यानं दुपारीच यावं.

सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर आमची कॉलनी. एकच गल्ली, बेचाळीस घरं. माझं सतरावं. एक नंबरचं म्हणजे घर नव्हे, गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली. तिथं गोजाबाई राहायची. एकटी. मुलगा बिरप्पा मंगळवेढ्याकडे मेंढरं राखतो.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल ते पाण्यालाही ठाऊक नसतं. गल्लीतला पहिला नळ गोजाबाईच्या दाराबाहेर. त्या नळातून हवेची फुसफुस सुरू झाली की ती पितळी तांब्या उचलून निघायची. प्रत्येक फाटकावर तीनदा हाणायची.

टण्... टण्... टण्...

"पानी आलं होऽऽ! ऐकलं का?"

आणि थांबायची.

आतून "ऐकलं, गोजाबाई!" असं आल्याशिवाय ती पुढच्या फाटकावर जायची नाही. मी एकदा खिडकीतून नुसता हात केला.

"तोंडानं बोला की काका," ती म्हणाली. "हात काय, वाऱ्यानं पडदा बी हलतो."

वीस वर्षं हे चाललं. वीस वर्षांत एकाही घराची टाकी कोरडी राहिली नाही. बदल्यात आम्ही तिला सणाला पुरणपोळी आणि वर्षाला एक लुगडं द्यायचो, आणि आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं समजायचो.

मग माझा भाचा मंजुनाथ आला. पुण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, पण आता घरी बसून करतो. त्याच्या एका मीटिंगमध्ये गोजाबाईचा तांब्या वाजला. पलीकडच्या परदेशी साहेबानं अदबीनं विचारलं, तुमच्या घरी प्रार्थनेची वेळ झाली का?

"मामा," त्या संध्याकाळी मंजुनाथ म्हणाला, "हे सगळं सिस्टीमवर टाकू या. पब्लिश-सबस्क्राइब म्हणतात त्याला. निरोप द्यायचा तो एका ठिकाणी टाकायचा. ज्यांना हवा त्यांनी आधी नाव नोंदवलेलं असतं. मधला ब्रोकर सगळ्यांना पोचवतो."

"म्हणजे मार्केट यार्डातला आडत्या."

"तसंच समजा. शेतकऱ्याला गिऱ्हाईक माहीत नाही, गिऱ्हाइकाला शेतकरी. सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्याचं तोंड बघायचं काम नाही. हाच त्याचा मोठा फायदा."

"आणि तोटा?"

पोरगं प्रामाणिक आहे. बशीत ओतलेल्या चहावर फुंकर मारत म्हणालं, "तोही हाच. निरोप फोनवर पोचला एवढं कळतं. माणसावर पोचला का, ते नाही. ऐकणारा आहे का, मेला का, झोपला का... सांगणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. आणि उलट उत्तर यायला ह्यात वाटच नसते."

मला त्याच क्षणी समजायला हवं होतं. पण मला त्यात फक्त विनोद दिसला.

कॉलनीच्या सभेत ठराव मीच मांडला. भाषण केलं. "बेचाळीस घरांची दारं ठोठावून मत न मागणारी भारतातली ही एकमेव व्यक्ती," असं गोजाबाईबद्दल म्हणालो. कॉलनीचा भोंगा म्हणालो. हिच्या तांब्यानं आमच्या फाटकांना पोचे आले, आता ह्या पुरातन यंत्रणेला सन्मानानं निवृत्त करा, म्हणालो. लोक पोट धरून हसले.

दाराच्या चौकटीला टेकून गोजाबाई बसली होती. तीही हसली. पदर तोंडाला लावून.

मग म्हणाली, "पर काका, कुनी ऐकलं, कुनी न्हाय, ते मशिनीला कसं कळायचं?"

"गोजाबाई, मशीनला तुमच्यासारखा हट्ट नसतो."

परत हशा. तो हशा मला अजून ऐकू येतो. पण ते भूत वेगळं.

मंजुनाथनं महिन्याभरात सगळं उभं केलं. नळाला एक डबी बसवली, पाणी आलं की एकेचाळीस फोन वाजायचे. दुसरी सोय होती 'मदत'. कुणी अडचणीत असेल तर एक बटण दाबायचं. निरोप सगळ्यांना जाणार, आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा जात राहणार... कुणीतरी 'पाहिलं' दाबेपर्यंत. एकानं दाबलं की सगळ्यांचे फोन गप्प. कुणी दाबलं हे कुणालाच दिसणार नाही. लोकांना संकोच नको म्हणून.

दोन नंबरच्या श्रीशैलनं आपला जुना फोन गोजाबाईला दिला. त्याचं सात रस्त्याला मेडिकल आहे. पडद्यावर एकच मोठं लाल बटण ठेवलं. तांब्या तिनं खोलीत ठेवून दिला.

आता एकवीस एप्रिल.

पारा चव्वेचाळीसवर. मी जेवून कूलरसमोर आडवा झालो होतो. डोळा लागत होता, तेवढ्यात फोन वाजला.

'घर क्र. १ : मदत हवी.'

मी वाचलं. नीट वाचलं. चष्मा लावून वाचलं.

श्रीशैलचं घर तिच्या शेजारी आहे, तो जाईल... असं मनात आलं. उशी उलटी केली.

दोन पंचेचाळीस. फोन वाजला.

'घर क्र. १ : मदत हवी.'

म्हातारीचा चुकून हात लागला असेल, म्हटलं. नवीन माणसाच्या हातात फोन आला की असंच होतं. ह्यावर एक लेख होईल, असंही मनात आलं. खरं सांगतो, पहिलं वाक्यसुद्धा सुचलं.

दोन पन्नास. फोन वाजला.

झोपमोड होत होती.

मी 'पाहिलं' दाबलं.

फोन गप्प झाला. माझा, आणि बाकी चाळीस जणांचा. कूलरचा आवाज तेवढा राहिला.

मला छान झोप लागली.

सहा वाजता श्रीशैल दुकानातून घरी आला, तेव्हा त्याला गोजाबाईचं दार अर्धवट उघडं दिसलं. ती उंबऱ्याशी पडली होती. एका हातात फोन. दुसरा हात नळाच्या दिशेनं. ऊन लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर...



कॉलनीत प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा कुणी जाईल. श्रीशैल माझ्यापाशी येऊन रडला. "काका, मला वाटलं तुम्ही घरीच असता, तुम्ही जाल. आणि फोन गप्प झाला तेव्हा तर खात्रीच झाली, कुणीतरी बघितलंय."

मी त्याच्या पाठीवर हात फिरवला.

हो. फिरवला.

मंजुनाथ दोन दिवस जेवला नाही. रात्रंदिवस संगणकापुढं बसून चूक शोधत होता. शेवटी म्हणाला, "एकही चूक नाही, मामा. सिस्टीमनं सांगितलेलं सगळं चोख केलं. एकेचाळीस फोनवर निरोप पोचला. एकानं 'पाहिलं' दाबलं. कुणी ते मला काढता येत नाही. मीच तशी नोंद ठेवली नाही."

मला हायसं वाटलं. ह्या गोष्टीतली सगळ्यात भीतीदायक ओळ कुठली विचाराल, तर हीच.

तेराव्याला बिरप्पा माझ्यापुढं येऊन बसला. डोक्याला पटका, पायाला करमाळ्यापासून पंढरपूरपर्यंतची सगळी धूळ.

"काका, तुमी शिकल्याली मानसं. आयनं बटन दाबलं व्हतं म्हनत्यात. मग कुनालाच गावलं न्हाय व्हय ते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कॉलनीत बोलायचं काम माझ्याकडेच असतं.

"नेटवर्कचा घोळ," मी म्हणालो.

"मशिनीचाच दोष म्हना की मग."

"मशीनचाच."

मंजुनाथनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खाली घातली. दोष त्याच्या मशीनवर गेला होता.

बिरप्पा उठला. "वीस मेला येतो. खोली रिकामी करून किल्ली देतो तुमच्याकडं."

हे तीन मे. दुसऱ्या दिवशी, चार मेला, दुपारी दोन चाळीसला...

टण्... टण्... टण्...

दोन नंबरच्या फाटकावर.

घरात श्रीशैलची आई शिवबाई तांदूळ निवडत होती. वीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "ऐकलं, गोजाबाई!"

आणि मग ताट हातातून पडलं.

बाहेर कुणी नव्हतं. रस्ता पांढरा फटक. कुत्रंसुद्धा नव्हतं.

पाच मेला तीन नंबर. सहाला चार नंबर. रोज एक घर, रोज तीच वेळ. हाक नाही... फक्त तांब्या. आतून "ऐकलं" आलं की आवाज थांबायचा. नाही आलं तर थांबायचा नाही. सहा नंबरच्या माणसानं दहा मिनिटं दम धरला. शेवटी न्हाणीघरात दडून ओरडला.

बिरप्पानं लावलेलं कुलूप तसंच होतं. श्रीशैलनं खिडकीच्या फटीतून डोकावून पाहिलं. कोनाड्यात तांब्या होता. दुसऱ्या दिवशी दोन चाळीसला मुद्दाम पाहिलं...

कोनाडा रिकामा.

तीन वाजता पाहिलं. तांब्या जागेवर. ओला.

आठवड्याभरात कॉलनी सरावली. सोलापूरचा माणूस कशालाही सरावतो. ज्याची पाळी असेल तो दुपारी दाराशी खुर्ची टाकून बसायचा, "ऐकलं" म्हणायचा आणि उरलेला दिवस कुणाशी बोलायचा नाही. त्या प्रत्येकानं एकवीस एप्रिलला तो निरोप वाचला होता.

मी मात्र हिशेब करत होतो. चार मेला दोन नंबर. म्हणजे सतरा नंबर एकोणीस मेला. आणि वीसला बिरप्पा.

मी अठराच्या संध्याकाळी अक्कलकोटची एसटी धरली. बायकोला सांगितलं, स्वामींचं दर्शन घेऊन तीन दिवसांनी येतो. फोनवरून मंजुनाथचं ते ॲप काढून टाकलं. भक्तनिवासात खोली घेतली. शेजारच्या खोलीत कुणीतरी कानडीत भजन म्हणत होतं. सुरक्षित वाटलं.

एकोणीस मे. दोन चाळीस.

फोन वाजला.

'घर क्र. १ : मदत हवी.'

ॲप फोनमध्ये नव्हतं. मी दोनदा शोधलं. निरोपाखाली एक बटण होतं... 'पाहिलं.'

दोन पंचेचाळीस. परत तोच. दोन पन्नास. परत.

ह्या वेळी मी ते दाबलं नाही. बोट पुढं जाईना.

तीन वाजता शिवलीलाचा, माझ्या बायकोचा फोन. ती घाबरली की कानडीवर येते. "री, केळ्री! ऐका हो! ती आपल्या फाटकावर आहे. मी ऐकलं म्हटलं, वीस वेळा म्हटलं. हलतच नाही!"

तिच्या आवाजामागून मला ऐकू आलं...

टण्... टण्... टण्...

"सगळ्यांच्या घरी एका हाकेत गेली," शिवलीला म्हणाली. मग तिचा आवाज अगदी खाली आला. "तुम्ही काय केलंय हो?"

"काही नाही."

एकतीस वर्षं मी दर रविवारी थापा मारल्या आणि संपादकांनी छापल्या. ही थाप बायकोनं छापली नाही. तिनं फोन ठेवला.

मी रात्रीच्या गाडीनं परत आलो.

वीस मे. सकाळीच कळलं, बिरप्पा आलाय, खोली आवरतोय. मी घराबाहेर पडलो नाही. दोन चाळीसला शिवलीलानं कूलर बंद केला आणि समोर येऊन बसली.

टण्... टण्... टण्...

"ऐकलं, गोजाबाई," मी म्हणालो.

शांतता.

टण्... टण्... टण्...

"ऐकलं!"

टण्... टण्...

मग माझ्या लक्षात आलं. 'ऐकलं' म्हणणं मला कधीच अवघड गेलं नव्हतं. त्या दिवशीही मी पोच दिलीच होती. पोच देऊनच तर झोपलो होतो.

मी उठलो. दार उघडलं. तसाच अनवाणी फाटकापाशी गेलो. बाहेर कुणी नव्हतं. लोखंड तापून चटका देत होतं. वरच्या पट्टीवर तीन जागा मात्र...

गार. बर्फासारख्या गार.

टण्... आता सोळा नंबरच्या फाटकावर. मी तिकडे गेलो. टण्... पंधरा. टण्... चौदा. आवाज उलटा चालला होता. एकाच्या दिशेनं. माझ्या पावलाला पाऊल जुळवून. डांबर पायाला चिकटत होतं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत पडदे हलत होते.

वाऱ्यानं नव्हे.

खोलीचं दार उघडं होतं. बिरप्पा चादरीत भांडी बांधत होता. मला बघून गडबडीनं उठला.

"काका! अनवानी? बसा, बसा हितं सावलीत."

"बिरप्पा, नेटवर्क चालू होतं."

त्यानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुझ्या आईचा निरोप मला मिळाला होता. तीनदा मिळाला. मी वाचला. कटकट नको म्हणून बंद केला. माझ्यामुळं बाकीच्यांचाही बंद झाला. मशीनचा दोष नाही. मी घरी होतो."

बिरप्पा खाली बसला. चादरीची एक गाठ मारली. मग दुसरी. 

"मग काय केलं तुमी?"

"झोपलो."

"झोप लागली?"

"लागली."

त्यानं मान हलवली. मला वाटलं मारील. मारावं, असं वाटलं. तो उठला, कोनाड्यातला तांब्या घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"लई ऊन हाय. पानी घ्या."

ह्या माणसानं शिवी दिली असती तर ती मी चौघांत मिरवली असती. पाण्याचं काय करायचं असतं, हे मला एकोणसत्तर वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी प्यालो.

पाणी गार होतं. विहिरीच्या तळाचं असावं इतकं.

नळाला चार दिवस पाणी नव्हतं. खोलीतला माठ पालथा होता. बिरप्पानं ते कुठून आणलं, मी विचारलं नाही. तोही तांब्याकडे बघत होता.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. तीन वाजून पाच मिनिटं.

'घर क्र. १ : ऐकलं.'

गोजाबाईचा फोन बिरप्पाच्या ट्रंकेत होता. महिनाभर चार्ज न केलेला. सिमकार्डही श्रीशैलनं काढून घेतलेलं.

मी फोन मंजुनाथला दाखवला, आणि त्याची माफी मागितली. त्यानं माफीकडे लक्षच दिलं नाही. निरोपाकडे बघत राहिला.

"मामा, उलट यायला ह्यात वाटच नाही. आणि..."

"आणि काय?"

"मी बटणावर 'पाहिलं' लिहिलं होतं. 'ऐकलं' हा शब्द मी कुठं घातलेलाच नाही."

एकवीस मेला तांब्या अठरा नंबरच्या फाटकावर वाजला. चौदा जूनला बेचाळीस नंबरवर. त्यानंतर नाही. मंजुनाथनं सिस्टीम बंद केली. कॉलनीला मी अजून तोंडानं काही सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल. किती जणांनी वाचलं, तो आकडा इंटरनेटवरच्या ह्या पानाखाली दिसेलच. त्यातल्या किती जणांवर पोचलं, तो दिसणार नाही.

तिनं 'ऐकलं' म्हटलं. 'माफ केलं' असं नाही म्हटलं. ह्या दोन शब्दांतलं अंतर मी रोज दुपारी मोजतो. त्या वेळेला मला आता झोप लागत नाही.

तांब्या बिरप्पा माझ्याकडे ठेवून गेला. पाणी येतं तेव्हा मी निघतो. सत्तराव्या वर्षी, टोपी घालून. प्रत्येक फाटकावर तीनदा हाणतो. उत्तर आल्याशिवाय पुढं जात नाही. पोरं मला भोंगा म्हणतात.

सुरुवात मी एक नंबरपासून करतो. त्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कपाटात आहे. तरी तीनदा हाणतो, आणि थांबतो. नियम म्हणजे नियम. आतून उत्तर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

आजवर मला तिथं फार वेळ थांबावं लागलेलं नाही.